आक्कांचं वय आणि दादांचे डॉलर

अहो, ऐकलंत का? या जरा भिंतीजवळ. तुळशीला पाणी मागाहून घाला, ती कुठे पळून जात नाही. डी विंगमधल्या आक्का आहेत ना… हो, त्याच, गेली कित्येक वर्षं त्रेसष्टच्या असलेल्या. तर त्या सत्तरच्या निघाल्या! मी नाही म्हणत हो, पासपोर्ट म्हणतो. आणि तो पासपोर्ट कपाटातून बाहेर काढायला लावला कुणी, तर अमेरिकेच्या इन्कम टॅक्सवाल्यांनी. आपल्या भिशीतल्या बायकांना जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते त्यांनी तिकडे बसल्या बसल्या केलं.

मी तिथे कशी, म्हणता? अहो, डबा परत द्यायला गेले होते. दारातूनच देऊन निघणार होते, पण आक्का म्हणाल्या, "आलाच आहात तर टेका, चहा टाकलाय." मग टेकले. आता हॉल केवढासा, त्यात सात माणसं, कुणी काय बोललं ते कानावर पडणारच की. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते.

तर काय सांगत होते… अमेरिकेतले, एडिसनचे दादा, आक्कांचे थोरले भाऊ, गेले ते ठाऊकच आहे तुम्हाला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शहात्तरावं चालू होतं. दर डिसेंबरात यायचे, पांढरे बूट घालून तळजाईला फिरायला जायचे, येताना मार्केट यार्डातून पेरू आणायचे आणि भाव ऐकून डॉलरमध्ये हिशेब करायचे. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते… जाऊ दे, गेलेल्या माणसाचं कशाला. सदाशिव पेठेतली एक होती म्हणतात, पण ते पुन्हा कधीतरी.

मागे कोण, तर या आक्का. त्यांची मोठी बहीण गेली, तिचा मुलगा म्हणजे आपले भाचेबुवा. आणि धाकटा भाऊ, तोही गेला, त्याची बायको म्हणजे ए विंगच्या धाकट्या वहिनी. आता गंमत बघा, धाकटे भाऊराव आज असते तर सदुसष्टचे असते. आणि त्यांची थोरली बहीण त्रेसष्टची! धाकट्या वहिनींना हा हिशेब काय येत नव्हता? चांगला येत होता. पण बाई धोरणी. योग्य वेळेपर्यंत झाकून ठेवला.

दादांची सगळी कमाई होती त्या आयआरएत, म्हणजे तिकडच्या निवृत्तीच्या खात्यात. कंपनीत असताना फोर-ओ-वन-के, निवृत्त झाल्यावर तेच आयआरएत फिरवलं, सगळे करतात तसं. त्या खात्याच्या वारसांच्या फॉर्मवर नावं दोन, निम्मं आक्कांना, निम्मं भाचेबुवांना. धाकट्या वहिनींच्या घरातलं कुणी नाही. पण दादांनी पुण्यात एक मृत्युपत्रही करून ठेवलं होतं, खूप आधी, आणि त्यात काय, तर माझ्या भावंडांच्या तिन्ही घरांत समान! झालं. ते मृत्युपत्र धाकट्या वहिनींनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं होतं आणि फोल्डर असा मांडीवर उभा धरला होता, की समोरच्याला आरपार वाचता यावं.

गंगाधामकडे ऑफिस आहे तो सीए, भाचेबुवांचा शाळेतला मित्र, अमेरिकेतल्या लोकांचीच कामं करतो, त्याला बोलावलेलं. तो यायच्या आधीच भाचेबुवा सुरू झाले होते. तुम्हाला त्यांचा आवाज माहीतच आहे, सभेत बोलल्यासारखा. म्हणे, "मामाच्या पैशाला मी हात लावणार नाही. राहू दे तिकडेच, वाढू दे. लेकीच्या लग्नात बघू." लेक आठवीत! त्यांची बायको नुसती चहाच्या कपाकडे बघत होती. तिला स्वयंपाकघरात नव्या ट्रॉल्या करायच्यात, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, भाचेबुवांना सोडून.

सीए आला, बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हात लावावाच लागेल."

अहो, काय तो चेहरा! भाचेबुवा हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. म्हणे, "लावावाच लागेल म्हणजे?" म्हणजे काय म्हणजे! तो २०१९ चा कायदा नाही का, २० डिसेंबरला ट्रम्पतात्यांनी सही केलेला. त्याच्या आधी कसं होतं, आजोबांची आयआरए नातवाला मिळाली की नातू जन्मभर थोडं थोडं काढत बसायचा आणि उरलेलं वाढत राहायचं. सरकारने म्हटलं, पुरे झालं. आत टाकताना कर भरला नव्हता, वाढताना भरला नव्हता, आता आम्ही किती पिढ्या थांबायचं? म्हणून २०२० पासून कुणी गेलं, तर वारसाला दहा वर्षं. दादा २०२५ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०३५ ला भाचेबुवांचं खातं शून्यावर यायला हवं. लेकीचं लग्न त्याच्या आत उरकलं तर उरकलं.

भाचेबुवा म्हणाले, "मग दहाव्या वर्षी एकदम काढतो." हुशार आहेत, नाही म्हणत नाही मी. तर सीए म्हणाला, तेही नाही चालणार. स्वतः दर वर्षी पैसे काढायची सक्ती सुरू होते त्या वयाच्या पलीकडे जाऊन दादा गेले ना… त्यांच्या वेळी ते बहात्तर होतं, आता त्र्याहत्तर केलंय. त्या वयानंतर माणूस गेला, की वारसाने दहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी थोडं काढायचं आणि दहाव्या वर्षी उरलेलं सगळं. दर वर्षी काढायचं की नाही, यावर तिकडेच इतका गोंधळ होता की २०२१ ते २०२४ चार वर्षं त्यांच्या आयआरएसने, म्हणजे त्या टॅक्सवाल्यांनी, दंडच माफ केला होता. जुलै २०२४ मध्ये पक्के नियम आले आणि २०२५ पासून माफी बंद. म्हणजे आपले दादा नेमके सक्ती लागू झाली त्या वर्षी गेले.

यावर भाचेबुवांची बायको पटकन बोलून गेली, "म्हणजे मामा जरा लवकर…" आणि तिथेच जीभ चावली हो तिने! पुढचं बोललीच नाही. पण आक्कांनी ऐकलं. ट्रेमधली बिस्किटाची बशी अशी उचलली आणि तिच्यासमोरून काढून माझ्यासमोर ठेवली. मी एक घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

आता आकडा. आकडा मी कुणाला सांगणार नाही. म्हणजे तुम्हाला सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. भाचेबुवांच्या वाट्याचे एक लाख एक्याऐंशी हजार डॉलर. हो! दीड कोटीच्या वर! आणि यंदा काढायचे किती, तर ते सरकारी कोष्टक असतं ना, कोण आणखी किती वर्षं जगणार त्याचं. पन्नाशीच्या माणसाला ३६.२ वर्षं. भाचेबुवा यंदा पन्नास पुरे. गेल्या ३१ डिसेंबरची शिल्लक भागिले ३६.२, बरोबर पाच हजार डॉलर. पुढच्या वर्षी भागिले ३५.२, मग ३४.२, असं एकेक कमी करत जायचं. नाही काढले, तर जे काढायचे राहिले त्याच्या पंचवीस टक्के दंड. म्हणजे घरबसल्या साडेबाराशे डॉलर गेले. पूर्वी पन्नास टक्के होता म्हणे, २०२२ च्या डिसेंबरात कमी केला. आणि चूक वेळेत सुधारली तर दहावर येतो.

पाच हजार डॉलर दर वर्षी काढायचीच सक्ती, हे ऐकल्यावर त्यांच्या बायकोने पहिल्यांदा मान वर केली. काय कळी खुलली होती! म्हणाली, "सरकारचा नियमच आहे म्हटल्यावर आपण तरी काय करणार?" मनात ट्रॉल्या बसवूनसुद्धा झाल्या होत्या. मग सीए म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिथले नागरिक नाही, रहिवासी नाही, तेव्हा देतानाच तीस टक्के कापतील." पाचातले दीड हजार तिकडेच. झालं, कळी मिटली. भारत-अमेरिकेच्या करारात पेन्शनचं एक कलम आहे, त्याखाली काही सुटतं का ते तिथल्या कर सल्लागाराला विचारू म्हणाला. पण त्याआधी तिथला तो टॅक्सचा नंबर काढा, परदेशी असल्याचा तो डब्ल्यू-एट-बेन फॉर्म भरा. आणि इकडच्या रिटर्नमध्ये परदेशातल्या मालमत्तेचं शेड्यूल भरायचं विसरलात तर ब्लॅक मनीचा कायदा बसलाच आहे, दहा लाखांचा दंड घेऊन. भाचेबुवा म्हणाले, "अरे, मामाने घाम गाळून मिळवलेला पैसा, त्यात ब्लॅक काय?" सीए म्हणाला, "काहीच नाही. म्हणूनच लिहायचं."

आणखी एक ऐका. दादा फेब्रुवारीतच गेले, म्हणजे त्यांनी स्वतः काढायची ती २०२५ ची रक्कम काढलेलीच नव्हती. माणूस गेला म्हणून ती माफ होत नाही हो! ती वारसांनी काढायची. यंदाच्या ३१ डिसेंबरपर्यंत काढली तर दंड नाही. आणि भाचेबुवांनी तिकडच्या कंपनीला आधीच मेल टाकला होता की सगळ्याचा चेक माझ्या नावावर पाठवून द्या, मी माझ्या खात्यात गुंतवतो. सीएने कपाळाला हात लावला. म्हणाला, "गेला का मेल? लगेच थांबव. चेक तुझ्या नावाने फाटला, की सगळी रक्कम काढली असं धरतील. बायको असती तर तिला स्वतःच्या खात्यात वळवता आली असती, भाच्याला नाही. खात्याच्या नावातसुद्धा दादांचं नाव राहायला हवं, मयत अमुक, लाभार्थी तमुक." भाचेबुवांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि बाल्कनीत गेले. तिकडे जेमतेम सकाळ झाली असेल, याचंही भान नाही.

तर काय सांगत होते… हां, आक्का! ते राहिलंच, तेच तर सांगायचं होतं.

आक्का मघापासून गप्प. मग हळूच विचारलं, "आणि माझे? मलाही दहाच वर्षं का रे?" सीए म्हणाला, "मावशी, तुमचं वेगळं. गेलेल्या माणसापेक्षा दहा वर्षांहून जास्त लहान नसेल, तर त्या वारसाला दहा वर्षांची अट नाही. जन्मभर थोडं थोडं काढता येतं. दादांचा जन्म १९४९ चा. तुमचा?"

अहो, काय शांतता पसरली म्हणून सांगू. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आता बघा तुम्ही, त्रेसष्ट म्हणावं तर दादांपेक्षा चौदा वर्षांनी लहान, म्हणजे दहा वर्षांत सगळं काढा. खरं सांगावं तर… आक्का म्हणाल्या, "कागद बघावे लागतील." सीएला काय माहीत बिचाऱ्याला, तो म्हणाला, "अंदाजे सांगा ना." आक्का म्हणाल्या, "अंदाजे कसं सांगणार?" आणि तेवढ्यात धाकट्या वहिनी, फोल्डर मांडीवर तसाच, आवाजात नुसती साखर, म्हणाल्या, "वन्सं, पासपोर्ट आहे की तुमचा. दादांकडे जायचं म्हणून काढला होतात तो."

नणंदेने भावजयीकडे असं बघितलं… मी तर कपात तोंड घातलं.

उठल्या आक्का. आतल्या खोलीत गोदरेजचं कपाट करकरलं, मग डबा उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. पासपोर्ट घेऊन आल्या तो सुपारीच्या रंगाच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला. सीएच्या हातात दिला, तोही मिटूनच. तो मुलगा मोठ्याने वाचणारा हो! "एकोणीसशे छप्पन्न. वा! म्हणजे यंदा सत्तर. फक्त सात वर्षांचं अंतर. मावशी, तुम्ही बसता नियमात!" तो आनंदाने सांगत होता. आक्कांच्या चेहऱ्याचा रंग काय झाला होता, ते मी सांगत नाही. धाकट्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, सत्तर? वाटत नाही हो." असं म्हणाल्या! असं!

पण आक्काही काही कमी नाहीत. दोन मिनिटांत सावरल्या. सीएने कोष्टक बघून सांगितलं, सत्तरच्या माणसाला १८.८ वर्षं. म्हणजे यंदा साडेनऊ हजारांच्या वर डॉलर काढायचे आणि पुढे दर वर्षी एकेक वर्ष कमी करत जायचं, दहाव्या वर्षी सगळं रिकामं करायची भानगड नाही. आक्का भावजयीकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना? अमेरिकेने १८.८ वर्षं दिलीत मला. तुला बरीच वाट बघावी लागेल."

फिट्टंफाट!

पण तो सीए म्हणाला, यात एक ग्यानबाची मेख आहे. एकाच खात्यात दोघं राहिले, तर आक्कांनाही दहाच वर्षं. यंदाच्या ३१ डिसेंबरच्या आत दोघांची खाती वेगळी करून घ्यायला हवीत. हे ऐकल्याबरोबर धाकट्या वहिनी सरसावून बसल्या. "मग मृत्युपत्राचा निकाल लागेपर्यंत खाती वेगळी करू नका. आमचाही तिसरा हिस्सा आहे." आत्ता कळलं मला, फोल्डर कशासाठी उभा धरला होता ते. वकीलसुद्धा बघून ठेवलेला होता, शिवाजीनगरला कोर्टाशेजारी.

सीएने फोल्डर घेतला, वाचला, नीट वाचला हं, आणि परत दिला. म्हणाला, "काकू, दादांचं मृत्युपत्र त्यांच्या इतर वस्तूंना चालेल. आयआरएला नाही. तिथे फॉर्मवर ज्याचं नाव, पैसा त्याचा. फॉर्मवरचं नाव मृत्युपत्राला भारी पडतं." धाकट्या वहिनी म्हणाल्या, "आणि इथे? इथे असा पैसा असता तर?"

हा प्रश्न काय विचारला! सीए जरा घुटमळला, मग म्हणाला, "इथे असता तर गोष्ट उलटी. इथे नॉमिनी नुसता सांभाळणारा. मालक वारस, नाहीतर मृत्युपत्रात ज्याचं नाव तो." आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. सगळे तिकडे बघायला लागले. मला वाटलं आज कुठला मुहूर्त आहे की काय! तर ते साळगावकरांचं प्रकरण, तुम्हाला आठवत असेल. १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं त्या जयंतरावांच्या घरातलं. ते २०१३ च्या ऑगस्टमध्ये गेले, आणि नॉमिनीचं नाव असलेल्या गुंतवणुकीवर हक्क कुणाचा, यावरून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला, शेअर असोत की म्युच्युअल फंड, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याआधी २०१० मध्ये मुंबई हायकोर्टात एका प्रकरणात उलटं ठरलं होतं. नवऱ्याने शेअरवर दुसऱ्याच नातेवाइकाचं नाव घातलेलं, आणि बायको बसली हात चोळत. पुढे हायकोर्टानेच ते मत सुधारलं आणि सुप्रीम कोर्टाने शिक्का मारला. विम्याचं तर १९८३ मध्येच तसं ठरलं होतं, २०१५ मध्ये जवळच्या नातेवाइकांपुरता कायदा बदलला.

म्हणजे बघा, दादांनी तोच पैसा स्वारगेटच्या एखाद्या बँकेत ठेवला असता, तर धाकट्या वहिनींना तिसरा हिस्सा मिळाला असता. एडिसनला ठेवला, म्हणून शून्य. तिथे नॉमिनीच मालक, इथे नॉमिनी नुसता हमाल. धाकट्या वहिनींनी फोल्डर आडवा केला. एकदम आडवा. मला, खरं सांगू का, त्या क्षणी वाईट वाटलं त्यांचं. दादा आजारी असताना दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून बसायच्या त्या. ही दोघं नव्हती. पण दादांना तो फॉर्म बदलायचं कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनाही मृत्युपत्र पुरेल असंच वाटलं असणार.

बरं, हे सगळं त्या संध्याकाळचं. त्यानंतर आपल्या सोसायटीत काय धावपळ सुरू झालीये म्हणून सांगू! ज्याला त्याला कपाटातले कागद आठवलेत. महेश सोसायटी चौकातल्या त्या झेरॉक्सवाल्याकडे रांग.

इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं माहीत आहे ना? काकांनी २०२३ मध्ये सीनियर सिटिझन स्कीममध्ये तीस लाख ठेवले होते, पंधराची मर्यादा तीस झाली तेव्हा, एप्रिलात. व्याज ८.२ टक्के, तिमाहीला साडेएकसष्ट हजार खात्यात. नॉमिनी कोण, तर बंगळूरचा मुलगा. का, तर म्हणे, "हिला बँकेतलं काय कळतं?" काका गेले. काकूंना वाटलं, व्याज येतंय ना, येऊ दे. दीड वर्षाने बँकेत गेल्या तेव्हा तिथल्या मुलीने सांगितलं, काका गेले त्या दिवसापासून ८.२ नाही, बचत खात्याचं चार टक्के. तिमाहीला तीस हजार. जास्तीचं दिलं गेलं होतं ते हिशेबात कापून घेतलं. आणि गंमत अशी, की काकूंचं नाव जोडीला असतं किंवा एकट्या त्याच नॉमिनी असत्या, स्वतःचं असं खातं नसतं, तर मुदत संपेपर्यंत ते ८.२ टक्क्यांनीच चालू ठेवता आलं असतं. कुणाला बँकेतलं कळत नव्हतं, ते तुम्हीच ठरवा. काकू म्हणाल्या मला, "फोटोला हार घालताना रोज विचारते त्यांना."

पीपीएफचं त्यातल्या त्यात बरं. वारसाला त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत, खातं बंदच करायचं, पण पैसे देतील त्याच्या आधीच्या महिनाअखेरपर्यंत व्याज मिळतं, आताचं ७.१ ने. तरी आपल्याकडचे एक सद्गृहस्थ वडिलांच्या खात्यात कर वाचवायला भरत होते म्हणे, वडील जाऊन वर्ष झालं तरी! कोण ते विचारू नका. चेअरमन आहेत.

आणि सगळ्यात वाईट काय झालं असेल तर अप्परच्या त्या मुलाचं. पिंपरीच्या कंपनीत होता, चाळिशीही नव्हती हो, तीन वर्षांची पोर मागे. पीएफच्या फॉर्मवर आईचं नाव, नोकरीला लागला तेव्हाचं. सासूबाई फॉर्मची झेरॉक्स घेऊन गोळीबार मैदानाच्या पीएफ ऑफिसात, सूनबाईही गेली. सासूबाई म्हणाल्या, "नाव माझं आहे, पैसे माझे." समोरच्या माणसाने फॉर्मवरची तारीख बघितली, मग लग्नाच्या दाखल्याची तारीख बघितली आणि म्हणाला, "आजी, लग्नाआधी घातलेलं नाव लग्न झालं की आपोआप बाद होतं. नवीन नाव घालायला हवं होतं." नवीन कुणी घातलंच नव्हतं. मग काय, घरच्यांत समान वाटणी. बायको, पोर आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई, तिघींना सारखं. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण सून बघा कशी निघाली, बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, रिक्षा करू या, ऊन फार आहे." दोघी एकाच रिक्षाने परत आल्या. ही गोष्ट मला त्या सासूबाईंनीच सांगितली, गिरणीत, आणि सांगताना दळणाचा डबा दोनदा उचलून दोनदा खाली ठेवला.

तर मुद्दा काय… पैसा कुणाला द्यायचा ते मनात असून उपयोग नाही, कागदावर हवं. आणि कुठल्या कागदावर, तेही बघायला हवं. एकीकडे दहा वर्षं, एकीकडे १८.८, एकीकडे माणूस गेल्या दिवसापासून चार टक्के. आता तर बँकेत चार-चार नॉमिनी घालता येतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून. आक्कांनी लगेच चार घातले म्हणे. धाकट्या वहिनींचा मुलगा तिसरा आहे, असं मोलकरीण सांगत होती. पाझर फुटला असेल, नाहीतर वयाचं कुठे बोलू नये म्हणून तोंड बंद केलं असेल. मला दुसरंच वाटतं.

आणि हो, भाचेबुवांकडे ट्रॉल्यांचं माप घेऊन गेला काल माणूस. मी बघितला. टेप खिशात होती त्याच्या.

बरं, तुमच्या ह्यांच्या पीएफवर कुणाचं नाव आहे हो? नाही, सहज विचारते. नोकरीला कधी लागले म्हणालात? सत्त्याण्णव? आणि तुमचं लग्न… दोन हजार एक. मग फॉर्म नंतर बदलला असेल ना? माहीत नाही? अहो, मग जे कुणाचं नाव असेल ते तुमच्या लग्नातच बाद झालं! अशा काय बघताय माझ्याकडे? जा, आत जाऊन विचारा आधी. रागावून नाही हं, गोडीने विचारा, जेवण झाल्यावर. आणि काय निघतंय ते उद्या मला सांगा. मी कुठे कुणाला सांगते!